मर्लच्या गाडीचे शॉकअप

शनिवारी सकाळी मर्लच्या हातून शॉकअप निसटला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑइलचं तळं झालं, तेव्हा तिचा नवरा क्लेम हॅड्रिक समोरच पेपर उघडून बसला होता. त्यानं पेपर खाली केला नाही. न बघण्याचं हे काम गेल्या काही महिन्यांत त्याच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं. चमचा पडला की तो अग्रलेखात शिरायचा, चहा हिंदकळला की हवामानाचा अंदाज वाचायचा. त्यामुळे पाऊस कधी येणार हे वॉराबिन गावात क्लेमइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

"पाहिलंस तू," मर्ल म्हणाली.

"काय?"

"त्या पानावर गुरांच्या बाजारभावाशिवाय काही नाही, क्लेम. आणि आपल्याकडे गुरं नाहीत."

क्लेमनं पेपर ठेवला, फडकं आणलं, आणि टेबल पुसता पुसता आयुष्यातलं सर्वांत अविचारी वाक्य बोलून गेला. "यापुढे शॉकअप मी भरत जाईन."

मर्लची गाडी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी, रिमोटवर चालणारी शर्यतीची बग्गी. तिला खेळणं म्हणणाऱ्या माणसाशी मर्ल पुन्हा फारसं बोलत नसे. क्लेमच्या सख्ख्या बहिणीशी तिचं बोलणं नाताळपुरतं उरलं होतं ते त्यामुळेच. चिकणमातीच्या ट्रॅकवर या गाड्या उड्या घेत पळतात, आणि उडी घेतलेली गाडी जमिनीवर मांजरासारखी उतरते की बादलीसारखी, हे सगळं तिच्या चार शॉकअपवर असतं. करंगळीएवढी नळी, आत ऑइल, ऑइलमध्ये खालीवर होणारी भोकं पाडलेली चकती, बाहेरून स्प्रिंग. बस, एवढंच. पण ऑइल पातळ हवं की जाड, चकतीची भोकं मोठी हवीत की बारीक, यावरून वॉराबिनच्या क्लबात जुन्या मैत्र्या तुटल्या होत्या आणि एक साखरपुडाही मोडला होता.

मर्लनं आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. थेंब मोजायची सवय असलेले हात होते तिचे. तिनं भरलेला शॉकअप नुसता दाबून बघायला शेजारच्या गावांहून माणसं यायची, आणि दाबून झाल्यावर आपल्या टेबलाकडे जाऊन आपले शॉकअप उघडायची. मग त्याच हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं ते तिला नवं नव्हतं. त्या गोळ्या ती गावातल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं देत आली होती, वर "वेळ चुकवू नका बरं का" असं बजावून. घरी परतताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "ते लोक माझ्याकडे असे का बघायचे, ते आज कळलं." त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं झालं नाही. हवामानावर मात्र पुष्कळ झालं.

आता शरद ऋतूतली क्लबची शेवटची मोठी शर्यत जवळ आली होती आणि मर्लला त्यात उतरायचं होतं.

क्लेमची या कामासाठीची पात्रता काय, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर अवघड होतं. तो नगरपालिकेच्या नियोजन विभागातून निवृत्त झालेला. गावात कुठं काय बांधता येणार नाही, हे ठरवण्यात त्याची हयात गेली. त्याच्या हातांनी केलेलं सर्वांत नाजूक काम म्हणजे स्टेपलरमध्ये पिना भरणं. पण माणूस एकदा नवरा म्हणून शब्द देऊन बसला की पात्रतेचा प्रश्न उरत नाही.

शॉकअप भरताना खरी अडचण हवेची असते. ऑइल ओतायचं, चकतीचा दांडा सावकाश खालीवर करायचा, की आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. मग थांबायचं. पुन्हा दांडा हलवायचा, पुन्हा थांबायचं. ज्या माणसानं लोकांना गॅरेजच्या परवानगीसाठी दोन दोन हिवाळे थांबवलं, त्याला एका बुडबुड्यासाठी थांबणं जमेना. मर्ल शेजारच्या खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसायची आणि सूचना द्यायची.

"हळू. लोणी काढत नाहीयेस तू."

"हळूच करतोय."

"मग ते फेसाळलं कशानं? हे ऑइल आहे की बिअर?"

चार शॉकअप भरून झाले की मर्ल गाडी टेबलावर ठेवून तळव्यानं दाबायची. डावा पुढचा शॉकअप शिस्तीत खाली जाऊन शिस्तीत वर यायचा. उजवा पचकन आवाज करायचा, चिखलात रुतलेला गमबूट ओढल्यासारखा. मर्ल क्लेमकडे बघायची. मग तो पुन्हा सगळं उघडायचा. त्या आठवड्यात हॅड्रिकांच्या घरात ऑइल लागलं नाही अशी वस्तू उरली नाही. दाराची मूठ फिरेना, टेलिफोन हातातून सटके, पावाच्या तुकड्यालाही एक गुळगुळीतपणा आला. शॉकअपच्या तळाची मसूरडाळीएवढी काळी रबरी रिंग हरवली ती शेजारच्या लँब्रोनं दिलेल्या ऑलिव्हच्या बशीत गेली होती. क्लेमनं ती बराच वेळ चावली आणि यंदाचे ऑलिव्ह जरा निबर आहेत असं मत दिलं.

हे मत लँब्रोच्या कानावर गेलं आणि तो कुंपणापाशी आला. लँब्रो जन्मानं ग्रीक. उभी हयात दुधाचे टँकर चालवण्यात घालवलेला. सल्ला देण्यासाठी त्याला कारण लागत नसे, आता तर मिळालं होतं.

"माझे ऑलिव्ह निबर नाहीत," तो म्हणाला. "तू करतोयस काय नक्की?"

क्लेमनं सांगितलं. लँब्रोनं शॉकअप बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिला.

"टँकर असो की तुझं हे झुरळ, शॉकअप तो शॉकअप. ऑइल जाड घाल. जाड ऑइल घातलं की गाडी म्हातारीसारखी जपून चालते. माझं दूध कधी सांडलं नाही."

क्लबचा सेक्रेटरी डार्सी क्विल फोनवर नेमकं उलटं म्हणाला. "पातळ घाल, क्लेम, पातळ. आणि चकती बारीक भोकांची. म्हणजे कसं, एरवी गाडी मऊ चालते, पण उडीवरून आपटताना ऑइलला भोकांतून पळायला वेळच मिळत नाही, की शॉकअप आपोआप कडक. जिथं मऊ हवा तिथं मऊ, जिथं कडक हवा तिथं कडक."

"असा माणूस मला आयुष्यात भेटला नाही," क्लेम म्हणाला.

"माणसाचं नाही, शॉकअपचं सांगतोय मी," डार्सी म्हणाला.

तज्ज्ञांमध्ये मतभेद झाले की समिती नेमायची, हे क्लेमला नोकरीनं शिकवलं होतं. समितीत माणसं नव्हती म्हणून त्यानं सगळ्या प्रकारची ऑइलं मागवली. ती शहरातून निघाली, गावच्या टपाल कचेरीत पोचली आणि तिथंच बसली. खिडकीवरची बाई म्हणाली, पार्सलवर ऑइल लिहिलंय, ऑइल पेट घेतं, तेव्हा घेत नाही असा दाखला हवा. क्लेम म्हणाला, हे पेट घेणारं ऑइल नाही. ती म्हणाली, हे पाठवणाऱ्यानं लिहायला हवं. क्लेम म्हणाला, पाठवणारा शहरात आहे. ती म्हणाली, मग त्याला इथं येऊन लिहिता येणार नाही. हा सूर क्लेमच्या ओळखीचा होता. वॉराबिनमध्ये तो रूढ करण्याचा मान त्याच्याकडेच जात होता. शेवटी हताश होऊन तो म्हणाला, "अहो, माझ्या बायकोच्या गाडीसाठी आहे हे."

"बायको म्हणजे? औषधवाली मर्ल?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं," असं म्हणून तिनं पार्सल खिडकीतून पुढं सरकवलं. "कशी आहे ती?"

"बरी आहे," क्लेम म्हणाला. नगरपालिकेत हयात घालवून त्यानं कमावलेलं नाव कुणाला आठवलं नाही, आणि बायकोच्या नावानं काम झालं. पार्सल काखेत मारून घरी येताना त्याला याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं जास्त वाईट वाटलं.

ऑइल आलं, पण ट्रॅकवर घेतलेली उडी आणि टेबलावर दाबलेली गाडी यांत फरक असतो. तपासणीसाठी उंचवटा हवा. मागच्या अंगणात मर्लचे गुलाब होते, म्हणून उंचवटा घरापुढच्या रस्त्याकडेच्या हिरवळीवर झाला. माती लँब्रोनं दिली, आकारही त्यानंच दिला, आणि तो देताना टँकरवाल्याचा हात थोडा सढळ सुटला. गुडघ्याएवढी टेकडी म्हणता म्हणता ती कंबरेला लागली. येणारी जाणारी माणसं हळहळून विचारू लागली, कुत्रा गेला का.

दुपारच्या गोळीचा असर चांगला असताना मर्ल रिमोट घेऊन बाहेर आली. गाडी टेकडीकडे सुसाट निघाली आणि क्लेमनं पहिल्यांदा नीट बघितलं. पेपर हाताशी नव्हता. सरळ रस्त्यावरही गाडीची पुढची चाकं थरथरत होती, डावी-उजवी, डावी-उजवी, थंडीत दात वाजावेत तशी. मर्लच्या बोटांतलं ते सगळं रिमोटमधून हवेतून जाऊन चाकांत उतरत होतं. गाडी तिरकी उडाली, पाठीवर पडली. क्लेमनं ती सरळ केली. पुन्हा तेच.

"शॉकअप चुकले असतील माझे," तो म्हणाला.

"असतील," मर्ल म्हणाली. दोघांनीही ते मान्य करून टाकलं.

तेवढ्यात नगरपालिकेची पांढरी मोटार येऊन थांबली. आतून टेगन उतरली. टेगन क्लेमच्या हाताखाली तयार झालेली पोरगी. आता नियोजन विभाग तीच बघायची. ती टेकडीभोवती एक चक्कर मारून आली आणि आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"क्लेम, तक्रार आलीये."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. सार्वजनिक हिरवळीवर विनापरवाना मातीचं बांधकाम."

"हे बांधकाम नाही. ही माती आहे."

"'मानवी हस्तक्षेपानं उंचावलेला कोणताही पृष्ठभाग,'" टेगन म्हणाली. वाक्य तिला तोंडपाठ होतं. क्लेमलाही होतं, कारण ते त्याचंच होतं. एका पावसाळी हिवाळ्यात त्यानं ते लिहिलं होतं आणि त्यातला 'कोणताही' हा शब्द सुचला म्हणून त्या दिवशी घरी केक नेला होता.

"तात्पुरत्या वापराला सूट असेल ना," तो म्हणाला.

"अर्ज केला तर. पण शेजाऱ्यांची संमती, मग समितीची बैठक. ती शर्यतीनंतर आहे." टेगनचा आवाज खाली गेला. "आणि खाली तुमची टीप आहे. सहानुभूतीपोटी अपवाद करू नये."

"टीप बरोबर आहे," क्लेम म्हणाला. दुसरं काय म्हणणार. स्वतःच्या हाताखालच्या पोरीपुढे स्वतःचं वाक्य खोडून काढायचं म्हणजे उरलीसुरली अब्रूही ढिगाऱ्यावर टाकायची. मर्ल पायरीवर बसून हे ऐकत होती. ती हसली, अगदी पूर्वीसारखी, खांदे हलवून. मग हसणं थांबलं तरी खांदे हलत राहिले, आणि ती उठून आत गेली.

टेगननं कोट काढला आणि फावडं मागितलं. क्लेम, टेगन आणि कुंपणापलीकडून आलेला लँब्रो, तिघांनी मिळून टेकडी ढकलगाडीनं लँब्रोच्या वाफ्यात परत नेली. खाली हिरवळ पिवळी पडली होती. तीसुद्धा नियमात बसत नव्हती, पण टेगननं तिची नोंद केली नाही.

त्या संध्याकाळी क्लेमनं निर्णय घेतला. गाडी थरथरतेय ती हातांमुळे. हात आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत, गाडी करता येते. तो धुण्याच्या खोलीत दार लोटून बसला आणि पार्सलातलं सर्वांत जाड ऑइल, मधासारखं, त्यानं पुढच्या शॉकअपमध्ये भरलं. मागच्यांतही त्याच्या खालोखालचं. आता हाताचा बारीक थरकाप चाकांपर्यंत गेला तरी गाडीचं अंग त्याला दाद देणार नव्हतं. गाडी कलायच्या आत थरकाप ओसरून जाणार होता. कधी नव्हे ते त्याला शॉकअप समजला होता. जाड ऑइलमधले बुडबुडे वर यायला युगं लागतात, पण त्या दिवशी क्लेमला थांबता आलं. एकेक बुडबुडा वर येऊन फुटेपर्यंत तो बघत बसला. डावा आणि उजवा, दोन्ही सारखे वर आले. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून कुंपणापाशी जाऊन त्यानं लँब्रोला दाखवलं.

लँब्रोनं गाडी दाबून पाहिली. "सुरेख," तो म्हणाला. "दूध सांडायचं नाही." मग गाडी परत देताना म्हणाला, "तिला सांगितलंस?"

"सांगेन नंतर."

"नंतर म्हणजे शर्यतीनंतर का?"

क्लेमनं गाडीवरची नसलेली धूळ पुसली.  लँब्रोला सल्ला सुचला नाही असा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

शर्यतीच्या रविवारी वारा होता. जत्रेच्या मैदानामागच्या ट्रॅकवर पाणी मारून चिकणमाती चोपली होती, तंबूत सॉसेज भाजली जात होती, आणि लांबच्या टेबलांवर माणसं आपापल्या गाड्या उताण्या करून त्यांच्या पोटात डोकं घालून बसली होती. मर्लनं निळा स्वेटर घातला होता. चालकांच्या लाकडी मचाणावर ती कठड्याला पोट टेकून उभी राहिली, म्हणजे निदान शरीर तरी हलू नये.

पहिली फेरी सुरू झाली. एका फेरीत ट्रॅकला बरेच फेरे घालायचे असतात. इतरांच्या गाड्या उसळत, आदळत, एकमेकींवर चढत निघाल्या, आणि त्यांच्या मागून मर्लची गाडी निघाली ती शाळेच्या बससारखी. वळणावर सावकाश वळली. उडीच्या उंचवट्यावर जेमतेम चढली, पलीकडे धप्पकन उतरली आणि तिथंच चिकटल्यासारखी पुढं सरकली. चाकं थरथरत होती, पण गाडी ढिम्म. ती एकदाही उलटली नाही, कठड्याला लागली नाही, कुणालाही तिला हात लावावा लागला नाही. सगळ्यांत शेवटी, सगळे संपवून खाली उतरल्यावर, ती रेषेवर आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या आलेल्याला मिळाल्या त्याहून जास्त. क्लेमनं सर्वांत जोरात वाजवल्या आणि मग त्याची नजर मर्लकडे गेली.

मर्ल मचाणावरून एकेक पायरी धरत खाली आली. टाळ्या वाजवणाऱ्यांतून वाट काढत टेबलापाशी आली, गाडी ठेवली, आणि पुढून तळव्यानं दाबली. तळवा कापत होता, पण जे कळायचं ते त्याला कळलं. गाडी सावकाश खाली गेली आणि त्याहून सावकाश वर आली.

"काय घातलंयस यात?"

"थोडं जाड आहे," क्लेम म्हणाला.

"किती जाड?"

क्लेमनं बाटली दाखवली. मर्लनं लांबूनच वाचलं.

"म्हणजे मुलाला फिरवायची बाबागाडी केलीस तू हिची."

"एकदाही पडली नाहीस तू."

"मी कुठं पडत होते, क्लेम? गाडी पडते. गाडी पडायचीच." ती आवाज न चढवता बोलत होती, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तशी. "टाळ्या ऐकल्यास? मी इथं पाच वेळा जिंकले तेव्हा हे लोक नुसते माना डोलवायचे. डार्सी तर तेवढंही करायचा नाही. आज त्याचे डोळे भरून आले. शेवटच्या नंबरावर."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते माहीतेय मला. घरभर तेच वाटतंय तुला. कप अर्धा भरून देतोस. माझ्या बुटांना नाड्या होत्या, त्या जाऊन पट्टे आले. मी काही बोलले नाही. पण ही माझी गाडी आहे रे. मला न विचारता."

 आजूबाजूची टेबलं एकदम कामात गढून गेली. डार्सीच्या हातातलं सॉसेज तसंच गार होत होतं.

"काढ ते," मर्ल म्हणाली. "माझं जुनं, पातळ, भर. शेवटची फेरी व्हायची आहे."

"इथं? वाऱ्यात?"

"तू भरत जाईन म्हणालास ना."

तेव्हा क्लेम हॅड्रिकनं उघड्या टेबलावर, साऱ्या क्लबाच्या देखत, चारही शॉकअप उघडले. धूळ उडत होती, चष्म्यावर ऑइलचा डाग होता, आणि डावं-उजवं करताना एकदा स्प्रिंग निसटून सॉसेजच्या तंबूपर्यंत गेली. तिथल्या बाईनं ती चिमट्यानं उचलून आणून दिली. कुणी सल्ला दिला नाही. मर्ल समोर बसली होती, हात टेबलावर ठेवून, हलत असलेले हात, मांड्यांखाली न लपवता. तो बुडबुड्यांसाठी थांबला की तीही थांबायची. पातळ ऑइलमध्ये ते भराभर वर येत होते. शेवटी तिनं गाडी दाबली.

"उजवा जरा मागं राहतोय," ती म्हणाली. "चालेल."

मर्ल मचाणावर चढली. पडलेल्या गाड्या सरळ करायला प्रत्येक फेरीत ट्रॅकच्या वळणावळणांवर माणसं उभी करतात, आणि त्या फेरीला एक माणूस कमी पडत होता. डार्सी नारिंगी जाकीट घेऊन टेबलांमधून फिरत होता. क्लेमनं ते त्याच्या हातून घेतलं.

"पळावं लागतं बरं का," डार्सी म्हणाला. "आणि नजर हलवायची नाही."

"बघायला मी शिकतोय," क्लेम म्हणाला आणि लांबच्या वळणावर, मोठ्या उडीच्या पलीकडे, गुडघे चोळत जाऊन उभा राहिला.

फेरी सुटली. मर्लची गाडी आता पुन्हा तिची झाली होती. चिडकी, चपळ, जराशा इशाऱ्यानं उसळणारी. पहिल्याच वळणावर ती उलटली. तिथल्या माणसानं ती सरळ केली. पुढच्या उडीवर पुन्हा उलटली. मग क्लेमच्या पायाशीच येऊन पडली, चाकं आभाळाकडे फिरत. तो धावला, घसरला, गुडघ्यांवर आपटला आणि तसाच रांगत जाऊन त्यानं ती सरळ केली. लोक हसले. क्लेमला ते हसणं ऐकू आलं, आणि नवल म्हणजे अब्रूला काही झालं नाही. टाळ्यांपेक्षा ते बरं वाटलं. पुन्हा उलटली, पुन्हा सरळ केली. तेवढ्यात कुणाची तरी दुसरी गाडी कडेच्या पाइपाखाली शिरून अडकली, चाकं मातीत रुतवून ओरडायला लागली. क्लेम खाली वाकून ती ओढत राहिला. ओढता ओढता त्याच्या पाठीमागं मैदानावर एक आवाज उठला. टाळ्या नव्हत्या. माणसं काहीतरी बघून श्वास घेतात तसा आवाज होता. तो वाढत गेला, ट्रॅकभर फिरला. क्लेमनं एकदाची गाडी उपसली आणि वळून बघितलं तोवर मर्लची गाडी मोठ्या उडीवरून येऊन त्याच्या समोर पाठीवर पडली होती. मचाणाच्या कठड्याशी सगळे मर्लकडे बघत होते. डार्सी मान डोलवत होता.

क्लेमनं गाडी सरळ केली.

मर्ल शेवटची आली, पहिल्या फेरीपेक्षाही मागं राहून. या वेळी टाळ्या नेहमीइतक्याच झाल्या.

घरी जाताना मोटारीत ती म्हणाली, "पुढच्या हंगामाला नाव देणार नाही मी." क्लेम बरं म्हणाला. बाहेर गाई दूध काढायला ओळीनं गोठ्याकडे चालल्या होत्या. त्यांनी गाडी घरात आणली, टेबलावर कागद पसरून ठेवली. क्लेमनं चहा केला. कप काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, थोडा सांडला, थोडा प्यायली. त्यानं फडकं आणलं नाही.

"तो एक फेरा बघितलास?" मर्लनं विचारलं.

क्लेमला खोटं बोलता आलं असतं. सगळं मैदान त्याबद्दलच बोलत होतं. ऐकून ऐकून त्याला जवळजवळ पाठ झाला होता.

"नाही," तो म्हणाला. "मी त्या पाइपापाशी वाकलो होतो. पाठ होती माझी."

मर्ल त्याच्याकडे बघत राहिली.  मग तिनं कप बाजूला सारला, टेबलावरची ऑइलची बाटली उचलून मध्यभागी ठेवली. "हे मचाण," ती म्हणाली. साखरेचं भांडं म्हणजे पहिलं वळण झालं, चमचा म्हणजे कडेचा पाइप. तिनं उजवा हात पुढं घेतला, तळवा पालथा, आणि तो सुरू झाला.

"इथून मी निघाले. हात हलत होता, पण जमीन जशी हलते तसाच हलत होता. कळतंय का? खड्डा आला की हात तिकडं, गाडी तिकडं. मी काही करत नव्हते. इथं वळले. आतून, अगदी आतून, कडेला न लागता." तिचा हात साखरेच्या भांड्याला वळसा घालून गेला, थरथरत, पण न अडखळता. "डार्सीचा पोरगा पुढं होता, त्याला इथं टाकलं मागं. दोन छोट्या उड्या एका दमात. मग सरळ. मग मोठी उडी."

तिचा हात वर गेला आणि तिथंच राहिला, टेबलाच्या वर, दिव्याच्या उजेडात, कापत. क्लेम त्याच्याकडे बघत होता. तो खाली येईपर्यंत त्यानं नजर हलवली नाही.

"मग?" तो म्हणाला.

"मग उलटली," मर्ल म्हणाली. "मग तू आलास."